डेटा एन्ट्रीच्या ताई

"कोणाच्या घड्याळानं?"

हा त्यांचा प्रश्न. विचारताना त्या चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. उत्तर मिळेपर्यंत पुढचं काही वाचणार नाही, असा त्याचा अर्थ. बाहेरगावच्या एखाद्या केंद्रातून फोन यायचा, "ताई, साडेसातला रक्त घेतलं," आणि इकडून आधी हाच प्रश्न जायचा. भिंतीवरच्या घड्याळानं, हातातल्या, की मोबाइलमधल्या?

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ऑफिसात सगळे त्यांना थोडे कंटाळलेले असतात, आणि सगळं ऑफिस त्यांच्यावरच चाललेलं असतं.

आमचं काम साधं सांगतो. व्यायाम केल्यावर शरीराच्या आत नेमकं काय बदलतं, हे आम्ही पाहत होतो. महाराष्ट्रातल्या सहा ठिकाणी माणसं यायची, एका जागी उभी असलेली सायकल चालवायची, आधी आणि नंतर रक्त द्यायची. काही जण मांडीच्या स्नायूचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडाही द्यायचे. भूल देऊन, पण जाड सुईने काढलेला. सहा ठिकाणी सहा तऱ्हांनी काम झालं तर त्या रक्ताला आणि त्या तुकड्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून मधे एक समन्वय केंद्र लागतं, सगळ्यांचं काम एकसारखं ठेवणारं. ते पुण्यात होतं. दोन खोल्या, चार माणसं आणि कधीही संपेल असा थोडासा निधी. मी तिथला उपप्रमुख. पाच वर्षांच्या मोठ्या निधीसाठीचा अर्ज लिहायचं काम माझ्याकडे होतं.

ताई कंत्राटावर होत्या. वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. मूळ वर्ध्याकडच्या, लग्नानंतर पुण्यात आलेल्या, येरवड्याला राहायच्या. एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये वीस वर्षं काढून आमच्याकडे आल्या होत्या. शिक्षण बी.एस्सी. इतकी वर्षं पुण्यात राहूनही त्या "काय करून राहिले सर?" असंच विचारायच्या. मी नारायण पेठेत वाढलेला. आमच्याकडचा माणूस समोरच्याचं मराठी सुधारल्याशिवाय जेवायला बसत नाही. मी म्हणायचो, "ताई, 'करून राहिले' नाही, 'करताय'." त्या शांतपणे म्हणायच्या, "समजलं ना पण सर?" समजलेलं असायचंच.

सहा केंद्रांची सहा घड्याळं सहा वेळा दाखवतात, हे पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तपकीर गल्लीतल्या दुकानातून एकाच जातीची सहा घड्याळं आणली, आठवडाभर आपल्या टेबलावर शेजारी शेजारी लावून पाहिली, मग एस.टी.ने फिरून स्वतः एकेका केंद्रात टांगून आल्या. एका केंद्रातले मोठे डॉक्टर म्हणाले, माझं घड्याळ परदेशी आहे, ते चुकत नाही. ताई म्हणाल्या, "महागच असन सर. पण ते चार मिनिटं पुढं आहे." डॉक्टरांनी तक्रारीचा मेल मला पाठवला. मी तो सगळ्यांना वाचून दाखवला आणि आम्ही पोट धरून हसलो. हसण्यात ताई नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "मग त्यांनी मागं केलं का ते घड्याळ?"

कामावर आल्या त्या पहिल्याच आठवड्यात त्या पदर खोचून सायकलवर बसल्या होत्या. "लोकांना बसवायचं तर आधी मी बसून पाहते." वीस मिनिटं चालवली, घामाघूम होऊन उतरल्या आणि पहिली सूचना केली: उतरल्यावर माणसाला धरायला शेजारी कोणीतरी पाहिजे. आमच्या कार्यपद्धतीच्या जाडजूड पुस्तकात हे नव्हतं. मग आलं. मीच घातलं, खाली माझ्या सहीने.

निधी देणाऱ्या संस्थेची समिती पाहणीला येणार होती एका गुरुवारी. त्याआधीच्या सोमवारी सकाळी ताई माझ्या खोलीत आल्या आणि बसल्या. एरवी त्या उभ्यानेच बोलायच्या.

"सर, सहावं केंद्र बरोबर नाही."

सहाव्या केंद्राचे कागद नेहमीच सुंदर यायचे. व्यायाम संपल्यावर दहाव्या मिनिटाला रक्त घ्यायचं, असा आमचा नियम. बाकीच्या ठिकाणांहून नऊ, अकरा, कधी शरमिंदं तेरा असं यायचं. सहाव्याकडून प्रत्येक वेळी दहा.

"माणूस एवढा सारखा राहत नाही सर," ताई म्हणाल्या. "म्हणून शनिवारी जाऊन आली. न सांगता."

तिथे तिघांचा व्यायाम उरकून मग तिघांचं रक्त एकदमच घेत होते, अर्ध्या तासाने, आणि कागदावर दहा लिहीत होते. स्नायूचा तुकडा लगेच गोठवायला हवा, तो बर्फाच्या डब्यात दुपारपर्यंत पडून राहत होता. म्हणजे तिथलं सगळं निरुपयोगी.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगतो, कारण तेच सांगण्यासाठी हे लिहायला घेतलं आहे. मला तिथे रक्त आणि तुकडे दिलेल्या माणसांबद्दल काही वाटलं नाही. मला वाटलं, ही बाई शनिवारी घरी का बसली नाही.

निधीची अट कमीत कमी सहा केंद्रांची होती. पाच म्हणजे अर्ज बाद.

"ताई, गुरुवारपर्यंत थांबू."

"गुरुवारी सकाळी तिथं दोघांची मांडी टोचणार आहेत."

"ते आधीच ठरलेलं आहे."

"म्हणूनच सांगून राहिली सर. थांबवता येते."

"समिती जाऊ दे. शुक्रवारी पहिलं काम हेच. शब्द देतो."

त्यांनी चष्मा काढला नाही, की काही विचारलं नाही. दुपारी माझ्या टेबलावर एकपानी अहवाल आणून ठेवला. मी तो खणात ठेवला, लिहिलेली बाजू खाली करून.

गुरुवारी समितीचे चौघं आले. एकांचा उपास होता म्हणून सगळ्यांनाच साबुदाण्याची खिचडी मागवली होती. माझं सादरीकरण चांगलं चाललं होतं. लॅपटॉपपाशी ताई बसल्या होत्या, मी मान हलवली की पुढचं पान आणायच्या. समितीत एक वयस्कर डॉक्टर बाई होत्या, तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "सहाही केंद्रांवरच्या वेळा प्रत्यक्ष जाऊन कोणी तपासल्या आहेत का?"

"हो, आमच्या केंद्राने," मी म्हणालो. "सगळ्या."

त्यांची नजर ताईंकडे गेली. मी 'आमच्या केंद्राने' म्हणताना ताईंनी मान वर केली असावी. "आपण गेला होता का?"

"गेली होती मॅडम," ताई म्हणाल्या. "पाच ठिकाणच्या वेळा बरोबर आहेत. सहाव्याचं मात्र..."

'गेली होती' ऐकून समितीतले एक गृहस्थ किंचित हसले. मी ते हसू पाहिलं आणि उचललं.

"या आमच्या डेटा एन्ट्रीच्या ताई," मीही हसत म्हणालो. "तिकडच्या आहेत, विदर्भातल्या. मनाने फार चांगल्या. पण यातलं शास्त्र त्यांना..."

आणि हात जरासा हलवला. वाक्य मी पूर्ण केलं नाही. पूर्ण करायची गरज पडली नाही. दोघं जण हसले. डॉक्टर बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पुन्हा विचारलंही नाही.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं ना, हे तपासून घेतल्यासारखं. मग त्यांनी पुढचं पान आणलं. त्यावर सहा केंद्रांची नावं होती आणि सहा हिरव्या खुणा.

शुक्रवारी मी अहवाल घेऊन आमच्या संचालकांकडे गेलो. ते म्हणाले, "निकाल लागू दे, मग बघू." मी "हो" म्हणालो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. शब्द पाळायला गेलो होतो, आता न पाळण्याची जबाबदारी दुसऱ्याची होती. अहवाल पुन्हा खणात गेला.

निधी मिळाला. पेढे वाटले. ताईंनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, "अभिनंदन सर. तो कागद?"

"पहिला हप्ता येऊ द्या ताई."

नंतर त्यांनी तोंडी विचारलं नाही. दर सोमवारी एक मेल यायचा, एका ओळीचा: सहाव्या केंद्राबाबत निर्णय प्रलंबित आहे. शुद्ध, लेखी मराठीत. त्यात सुधारायला मला काही सापडायचं नाही.

नव्या निधीत समन्वयकाचं पक्कं पद होतं. पात्रता पीएच.डी. अशी होती. ही अट कोणी वरून घातली नव्हती, जाहिरातीचा मसुदा मी लिहिला होता. 'किंवा समकक्ष अनुभव' एवढे तीन शब्द घातले असते तर ते पद त्यांचं होतं. मी ते घातले नाहीत. त्या रोज समोर बसल्या असत्या, आणि ते मला झेपणारं नव्हतं. कंत्राट संपलं तेव्हा त्यांनी नव्या माणसाला पंधरा दिवस सगळं शिकवलं. त्यांच्या शेवटच्या दिवशी मी दिल्लीला होतो. बैठक दुसऱ्या दिवशी होती. तिकीट मीच एक दिवस आधीचं काढायला सांगितलं होतं.

नवा समन्वयक हुशार होता. आठ महिन्यांनी त्याने सहाव्या केंद्रातला तोच घोळ शोधून काढला आणि उत्साहाने मला सांगायला आला. मी ऐकून घेतलं, नवीन ऐकल्यासारखं. 'तांत्रिक कारणास्तव' ते केंद्र बंद झालं. एव्हाना निधीला धक्का लागण्यासारखं काही उरलं नव्हतं. ताई माझ्या खोलीत येऊन बसल्या त्या सोमवारनंतर सहाव्या केंद्रात आणखी बावीस जणांनी मांडीतून तुकडा दिला होता. मी यादी मागवून मोजले. सगळे तुकडे फेकून द्यावे लागले.

नंतरच्या हिवाळ्यात एका रविवारी मंडईत त्या दिसल्या. मटार निवडून घेत होत्या, सोबत नणंद होती. मी वळून जाणार होतो, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली.

"हे आमचे सर," त्यांनी नणंदेला सांगितलं. "व्यायामावरचं खूप मोठं काम आहे यांचं. कितीतरी शहरांत चालते."

नणंदेने मला नमस्कार केला. ताईंच्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. मी ओळखतो टोमणे, आमच्याकडे तेच पिकतात. हा नव्हता. नणंद पिशवी घेऊन पलीकडच्या गाळ्यावर गेली तेव्हा मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी समितीपुढे मी जे बोललो..."

"माहीत आहे ना सर. तुम्हालाही माहीत होतं. आता त्याच्यात सांगायचं काय राहिलं?"

मटाराच्या दोन शेंगा त्यांनी परत टोपलीत टाकल्या. मग म्हणाल्या, "ते केंद्र बंद केलं म्हणे. त्या लोकांना सांगितलं का?"

"कोणत्या लोकांना?"

"ज्यांचे तुकडे घेतले."

"नाही," मी म्हणालो.

"सांगून द्या. दुसऱ्या कोणी बोलावलं तर ते विचार करून जातील." आणि पिशवी उचलून नणंदेमागे गेल्या.

परवानग्या मिळवायला महिना गेला. संचालक नाराज झाले. जुनी खपली कशाला काढायची, असं त्यांचं म्हणणं. नवा समन्वयक म्हणाला, मी करतो फोन. त्याला नको म्हणालो आणि यादी घेऊन स्वतः बसलो.

पहिला फोन शाळेची व्हॅन चालवणाऱ्या एका माणसाला लागला. तुमच्याकडून घेतलेला नमुना आमच्या चुकीमुळे कामाला आला नाही, हे मी सांगितलं. हे आम्हाला बऱ्याच आधी कळलं होतं, तेही सांगितलं.

"म्हणजे वाया गेला म्हणा."

"हो."

"बरं." मग म्हणाला, "तुमच्याकडं एक ताई होत्या ना. टोचलं त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आलता. पाय कसा आहे म्हणून. घरी जिना आहे का, पाणी भरायला कोणी आहे का, सगळं विचारलं. आहेत का त्या?"

मला हे माहीत नव्हतं. आमच्या कार्यपद्धतीत असा फोन नाही. नोंदींत कुठे नाही. "त्या आता इथे नसतात," मी म्हणालो.

"तुम्ही त्यांचे साहेब का?"

"बरोबर कामाला होतो," मी म्हणालो.

दोन दिवस फोन करत होतो. त्या सोमवारच्या आधी तुकडा दिलेल्यांपैकी बहुतेक सगळ्यांनी असंच विचारलं. एका बाईंनी तर माझं ऐकून घ्यायच्या आधीच ताईंच्या मुलाच्या नोकरीचं काय झालं ते विचारलं. मला सांगता आलं नाही.

यादीच्या शेवटी ते बावीस जण होते. त्यातल्या काहींनी बोलणी घातली, काहींनी ठीक आहे म्हटलं, एकाने मधेच फोन ठेवला. ताईंबद्दल मात्र एकानेही विचारलं नाही. त्यांची मांडी टोचली त्या संध्याकाळी त्यांना कोणाचाच फोन गेला नव्हता. त्यातले पहिले काही ताई कामावर असतानाचेच होते; तुकडा वाया जाणार हे माहीत असताना पाय कसा आहे, असं ताईंना विचारवलं नसणार.