ण आला की

बायको वारली त्या दिवशी मंगळवार होता. ती नांदेडला होती, मी लातूरला. फोन आला तेव्हा मी वर्गात सी ही कंप्युटरची भाषा शिकवत होतो. खडू ठेवला आणि बसस्टँडवर गेलो.

नोकरीमुळे आमचे दोन संसार होते. मी लातूरच्या तंत्रनिकेतनात, बायको नायगावकडच्या एका प्राथमिक शाळेत. ती नांदेडहून रोज जाऊन येऊन करायची. शनिवारी मी एसटीनं घरी जायचो. बाकीच्या दिवशी संध्याकाळी फोनवर भेंड्या. गाण्यांच्या नव्हे, नुसत्या शब्दांच्या. तिच्या शाळेत कंप्युटर आला तेव्हा ती म्हणाली, "अहो, पोरं त्याच्याशी भेंड्या खेळतील असं काहीतरी करून द्या ना."

मला ते सोपं वाटलं. शब्दाचं शेवटचं अक्षर काढायचं, त्यावरून दुसरा शब्द शोधायचा. एका रविवारी तिला शेजारी बसवून मी 'शाळा' टाइप केलं. पडद्यावर प्रश्नचिन्ह आलं.

"ह्याला बाराखडी येत न्हाई," ती म्हणाली, "अन् तुम्ही म्हणता लई हुशार हाय."

सीमधली साधी स्ट्रिंग, म्हणजे शब्द ठेवायची जागा, अक्षरं मोजत नाही, बाइट मोजते, कंप्युटरची लहान घरं. आपलं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. शेवटचा बाइट उचलला की हातात अक्षराचा तुकडा येतो. म्हणून मी mbstowcs हे सीमधलं तयार फंक्शन वापरलं. ते बाइट एकत्र करून प्रत्येक चिन्हाला एक रुंद घर देतं. त्यानं उत्तर दिलं उणे एक, म्हणजे वाचता आलं नाही. आपण कुठल्या मुलखाचे, कुठल्या भाषेचे, हे सुरुवातीला setlocale लिहून सांगावं लागतं. मुलांना दरवर्षी शिकवतो ते मीच विसरलो होतो. ती ओळ घातली. आता शेवटच्या घरात नुसता काना आला.

"कान्यावरून काय शब्द सांगू? काना-मात्रा सोडा, अक्षर धरा. अन् ळ आला तर ल घ्या. ळ वरून शब्द कुठंय आपल्यात?"

एवढं सांगून ती पोळ्या करायला उठली. पुढचं काम राहिलं, आणि मग तो मंगळवार आला.

दिवस झाल्यावर मी लातूरला परतलो. खोलीत बोलायला कोणी नव्हतं, म्हणून प्रोग्रॅम उघडला. शेवटच्या घरापासून मागे यायचं, काना, वेलांटी, अनुस्वार ओलांडायचे, अक्षर मिळालं की थांबायचं. ळ ला ल. मग 'लोणी' टाकलं आणि ण वर अडकलो. ण वरूनही आपल्यात शब्द नाही. त्याला न धरायचा का? तिनं सांगितलं नव्हतं. मनानं काहीही लिहिलं असतं तर प्रोग्रॅम चालला असता, पण तो तिचा खेळ झाला नसता. कितीतरी दिवस ती ओळ मी तशीच मोकळी ठेवली.

एका दुपारी तिच्या शाळेतल्या दुसऱ्या बाईंचा फोन आला. "सर, ते भेंड्यांचं झालं का? पोरं विचारून राहिली."

मी ण चं विचारलं.

"ण ला न? छे हो! ण आला की आउट. आमच्या बाई लई बेरकी. मुद्दाम 'पाणी' म्हणायच्या. हरला त्यानं उठून सगळ्यांना पाणी द्यायचं." त्या हसल्या.

मी फोन ठेवला. मी प वर सोडलं की ती मला 'पाऊस' द्यायची, 'पतंग' द्यायची. 'पाणी' कधी दिलं नाही. ण चा एकही शब्द तिनं मला दिल्याचं आठवत नाही. त्यामुळे आमच्या भेंड्या संपतच नसत, आणि जेवण गार व्हायचं.

मी ती ओळ लिहिली : ण आला तर खेळ संपला. शनिवारी जाऊन शाळेत प्रोग्रॅम बसवून आलो.

तो तिथं चालतो. मी लातूरला असतो. संध्याकाळी वेळेवर जेवतो.