मधल्या खोलीतलं ऑफिस

आमच्या सोहमची दोन स्थळं एकाच वाक्याने मोडली. मुलीकडचे लोक खामगावात येतात, आधी कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे चौकशी करतात, आणि तो भला माणूस जे दिसतं तेच सांगतो, "पोरगं चांगलं हाये, पण घरीच असते. कानाले काहीतरी लावते अन् एकटंच बोलत बसते." यापुढे कोण कशाला ऐकून घेईल?

मी सोहमची आत्या, जयमाला. शाळेतून निवृत्त झाले आणि भावाच्या शेजारीच घर घेतलं. त्यांच्याकडे काय चाललंय ते मला भिंतीतून ऐकू येतं, आणि नाही आलं तर मी जाऊन विचारते. सोहम पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहितो, दवाखान्यांच्या कामाचे. कंपनीने कुठूनही काम करायची मुभा दिली तेव्हा तो गाठोडं बांधून परत आला. मला आनंद झाला. माझ्या भावाला, भालचंद्रदादाला, झाला नाही. पोरगा पुण्याला होता तेव्हा तो ‘कंपनीत’ होता. आता तो मधल्या खोलीत होता.

दादाची सगळी नोकरी सरकारी कचेरीत, साहेबांच्या केबिनबाहेरच्या टेबलावर गेली. ऑफिस म्हणजे काय याची त्याची खूण पक्की होती. आत साहेब, दाराला पडदा, आणि बाहेर बाकावर ताटकळणारी माणसं. सोहमच्या खोलीबाहेर दोरीवर वाळत घातलेले टॉवेल होते. कोणी विचारलं की दादा दुसरीकडे बघत म्हणायचा, "सध्या घरीच असते." ते ‘सध्या’ ऐकलं की माझा पारा चढायचा. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

आता सोहमही काही कमी नाही. त्याच्याकडे खारीच्या डब्यात जुने मोबाईल ठेवलेले आहेत, एकही टाकू देत नाही. गच्चीवरच्या टाकीत त्याने कसलंसं यंत्र बसवलंय. टाकी भरत आली की आईच्या मोबाईलवर त्याच्याच आवाजात निरोप येतो, ‘आई, मोटर बंद कर.’ दादा तरीही काठी घेऊन वर जातो आणि पाणी मोजून येतो. सिनेमा बघायला बसला की सोहम तो मध्येच थांबवतो. पडद्यावरचा हिरो खटाखटा बटणं बडवून एका झटक्यात परदेशातली बँक उघडतो, आणि याला हसू आवरत नाही.

"आत्या, असं असतं तर काय पाह्यजे होतं! मी दिवसभर माह्यीच चूक शोधत बसतो. सापडली की एक अक्षर बदलतो, अन् तेच माह्यं दिवसाचं काम."

"मग हे तुझ्या बापाला सांगू नकोस," मी म्हटलं.

बापलेकांत गोडीची एकच वस्तू होती, सोहमचा तो मोठ्ठा आवाज करणारा कीबोर्ड. दादाने एकदा त्यावर बोटं फिरवून पाहिली होती आणि "टाइपरायटरसारखा हाये" इतकं बोलला होता. त्या दिवशी सोहम जरा जास्त जेवला.

तिसरं स्थळ बुलढाण्याचं आलं. मुलगी गार्गी, तिथे कॉलेजात शिकवते. पोह्यांच्या वेळी दोघं गच्चीवर बोलायला गेली आणि टाकीतलं यंत्र बघत बसली. खाली आली तेव्हा दोघांचे चेहरे बघूनच मी ओळखलं. मला ती मुलगी फार आवडली होती. पण तिला वडील नाहीत, आणि घरातला शब्द तिच्या काकांचा, रामरावांचा. ते म्हणाले, "पोरगं पसंत हाये. नोकरीचं मी माह्या डोळ्यानं पाहीन. रविवारी येतो."

मग काय, सगळ्यांचा जीव टांगणीला. रविवारी सोहमने इस्त्रीचा शर्ट घालावा, टॉवेल काढावेत, असं ठरलं. रविवारी ऑफिसला सुट्टी असते हे सोहमने दोनदा सांगितलं, पण ऐकतं कोण.

रामराव बुधवारीच आले. न सांगता, भर दुपारी. खरं बघायचं तर असंच यायला हवं, हे मलाही कबूल आहे.

त्याच्या थोडं आधीची गोष्ट. सोहमने दार लोटून घेतलं होतं. कूलरच्या घरघरीत समोरच्याला बोलणं ऐकू जात नाही, म्हणून एवढ्या उकाड्यातही तो बंद केला होता. अंगात बर्म्युडा आणि भिजलेलं बनियन. दादा त्याला ताकाचा पेला द्यायला गेला आणि दारातच थांबला, कारण सोहमच्या कानाला आज काही नव्हतं आणि कॉम्प्युटरमधून एक बाई रडवेल्या आवाजात बोलत होती. नागपूरच्या कुठल्याशा दवाखान्यातली. "सर, एकही रिपोर्ट निघत नाहीये. बाहेर बाकावर जागा नाही, लोक खाली बसलेत. एक आजी सकाळपासून उपाशी आहेत. सर, काही तरी करा."

"ताई, मी बघतोय. फोन ठेवू नका," सोहम म्हणाला. त्याची बोटं चालत होती. मी दादाच्या मागून डोकावले, तर त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका शांत होता.

दादाने ताक टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं, चाहूल न लागू देता. बाहेर आला आणि वाळत घातलेले टॉवेल एकेक करून काढले. मी विचारलं, "टॉवेल कशाला काढतोस?" तो म्हणाला, "लोक बसून हायेत." एवढंच.

तेवढ्यात फाटक वाजलं. रामराव!

वहिनींची धांदल उडाली. त्यांनी दादाला बाजूला ओढलं. "अहो, बोलवा न त्याले बाहेर! शर्ट घाल म्हणा."

"नाई."

"हे स्थळ गेलं तर?"

"गेलं तर गेलं. तो कामात हाये."

दादा ओसरीवर गेला. रामरावांना नमस्कार केला, खुर्ची दिली, आणि मी कितीतरी वर्षांनी त्याचा तो कचेरीतला आवाज ऐकला, मऊ आणि न हलणारा. "बसा. आत काम चालू आहे. भेटायला वेळ लागेल."

"अहो, मी बुलढाण्यावरून आलो," रामराव म्हणाले. "दोन मिनिटं बाहेर आलं तर काय बिघडते?"

"माह्यं काही बिघडत नाई. तिकडं बाकावर बसलेल्यांचं बिघडते."

रामरावांना काही समजलं नाही, आणि राग मात्र आला. ते उठले, चपलेत पाय घातला. वहिनी माझा हात घट्ट धरून उभ्या होत्या. दादाने रामरावांना अडवलं नाही. तो मधल्या खोलीच्या दाराशी स्टूल ओढून बसला, पाठ ताठ करून. कचेरीत बसायचा तसाच. रामरावांनी त्याला तसं बसलेलं पाहिलं. मग चपला काढून पुन्हा खुर्चीत बसले. वहिनींनी चहा दिला, तो त्यांनी घेतला. आतून कीबोर्डचा खडखडाट येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा सुरू होत होता.

बऱ्याच वेळाने त्या बाईंचा आवाज आला, "निघाला! सर, निघाला, निघताहेत सगळे!" आणि मागे कोणीतरी नावं पुकारायला लागलं. आमच्या ओसरीपर्यंत ते ऐकू आलं.

दादा उठला. शर्टाची वरची गुंडी लावली. दारावर दोनदा टकटक केली, दार अर्धं उघडलं आणि म्हणाला, "साहेब, बुलढाण्याचे रामराव आले आहेत. पाठवू का आत?"

सोहमने मागे वळून पाहिलं. आधी त्याला वाटलं बाबा थट्टा करताहेत. मग त्याने ते स्टूल पाहिलं, रिकामी दोरी पाहिली, आणि पोराचे डोळे भरून आले. माझेही आले, सांगायला लाज कसली?

"दोन मिनिटं, बाबा," तो कसाबसा म्हणाला. "शर्ट घालतो."

"राहू द्या," रामराव ओसरीवरून म्हणाले. "मी पाहिलं जे पाहायचं ते."

साखरपुडा दिवाळीनंतर आहे. परवा अकोल्याच्या एका नातेवाइकांचा फोन आला आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी भिंतीला कान लावला.

"सोहम?" दादा म्हणाला. "तो ऑफिसात आहे. संध्याकाळी फोन करा."

आणि त्याने जाऊन मधल्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.