झोपेतली धावपळ

दुपारी जेवून हे दवाखान्याच्या खाटेवर झोपले आणि मॉनिटरवरचा ठोक्यांचा आकडा बहात्तरवरून घसरत पन्नासवर आला. मी यांना गदागदा हलवून उठवलं. सिस्टर धावत आली.

"अहो काकू, गाढ झोपेत ठोके कमीच होतात. झोपू द्या त्यांना!"

यांचा पुन्हा डोळा लागला. बऱ्याच वेळाने मिटल्या पापण्यांखाली बुबुळं हलू लागली आणि आकडा एकदम नव्वदवर गेला. अंग मात्र ढिम्म.

"स्वप्न पडत असेल," सिस्टर म्हणाली.

उठल्यावर विचारलं, तर म्हणाले, "छे! मस्त झोप लागली होती."

चाळीस वर्षं यांचं घोरणं ऐकून मी निर्धास्त कूस बदलत आले. माझ्या शेजारून हे रोज कुठे धावत जाऊन येतात, ते यांनाही ठाऊक नाही.