तीन दिवस वडिलांचे

दवाखान्याच्या मागच्या खिडकीत बसून ती लोकांच्या नाकात काडी घालून नमुने घ्यायची, म्हणून सगळे तिला नाकवाली म्हणत. तीन वर्षं हेच काम. समोरचा शिंकायच्या आत तिची मान बाजूला झालेली असायची. आणि थकव्याचं तर विचारूच नका, तो हाडांत मुक्कामालाच आला होता.

तिचा एक नेम होता. कुणी तोंडावर खोकलं की घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला टिंब द्यायचं. पुढचे तीन दिवस वडिलांसोबत जेवायचं, चौथ्यापासून माळ्यावरच्या खोलीत एकटीनं राहायचं. वडिलांचं एकच फुप्फुस धड चालायचं. त्यांना लागण झाली की संपलंच. पहिल्या साथीत विषाणू अंगात शिरला, तरी दुसऱ्याला लागायला चार दिवस तरी घ्यायचा. त्या नेमावर बापलेकींनी तीन वर्षं काढली.

मग मेल्यानं रूप बदललं. नवी सूचना आली: हा अंगात भराभर वाढतो, दुसऱ्याच दिवशी पसरू लागतो. ती खिडकीवर तिनंच चिकटवली, वाचलीसुद्धा. पण रोज एक नवा कागद यायचा, माणसानं डोक्यात ठेवायचं तरी किती!

मंगळवारी एक बाप्या मास्क खाली ओढून तिच्या तोंडावर खोकला. टिंब. बुधवारी, गुरुवारी वडिलांनी तिला शेजारी बसवून जेवायला लावलं.

"तीन दिवस माझे," ते म्हणाले. "मग आहेच तुझा वनवास."

शुक्रवारी सकाळी तिचा घसा धरला. तिनं स्वतःच्याच नाकात काडी घातली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे लागण. अजून पुरते तीन दिवसही झाले नव्हते की! खिडकीवरचा कागद आता तिला शब्दन् शब्द आठवला. ती घरी आली ती थेट माळ्यावर गेली.

रविवारी दुपारी खालून खोकला ऐकू आला. एकदा, मग थांबेचना.

ती मास्क लावून खाली उतरली आणि तिनं वडिलांचा नमुना घेतला. दोन रेघा. तिनं रुग्णवाहिकेला फोन केला. वीस मिनिटं लागतील म्हणाले.

"बाबा, माझी चूक झाली हो."

"ते राहू दे. आता माळ्यावर जायचं काही कारण नाही ना?"

"नाही."

"मग ताट आण."

तिनं एकच ताट वाढलं. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांनी तीन घास खाल्ले, तिनं एकही नाही.