अप्पांच्या घड्याळावरची खाच

मला स्टीलच्या घड्याळांचं वेड होतं. सोन्याचं कुणी फुकट दिलं असतं तरी नको म्हटलं असतं. मला हवी असत ती जडशीळ, पाणबुड्यांसाठी केलेली, फिरत्या रिंगची स्विस घड्याळं. अंबडचं माझं वर्कशॉप नीट चालायला लागलं तशी एकेक करत नऊ जमवली. बरीचशी अदलाबदलीतून, एक द्यायचं, दुसरं घ्यायचं. बायको म्हणायची, "रावणाला निदान वीस हात तरी होते!"

पण खरा जीव होता तो दहाव्यावर, आणि ते वडिलांच्या मनगटावर होतं. अप्पा फिटर. तरुणपणी मस्कतला असताना घेतलेलं हे घड्याळ ते पुढे सातपूरच्या कारखान्यातही रोज घालून जायचे. एकदा ग्राइंडर निसटला आणि हातावर यायचा तो घड्याळाच्या कडेवर बसला. खोल खाच पडली, हात वाचला. पुढे काचबिंदूनं अप्पांची नजर गेली. वेळ दिसत नव्हती, तरी घड्याळ घालायचे आणि बसल्या बसल्या अंगठ्यानं ती खाच चाचपत राहायचे. मी कितीदा मागे लागलो, "अप्पा, द्या ना मला, बदल्यात नवं कोरं देतो." ते म्हणायचे, "मी गेल्यावर घे. तवर हात लावायचा नाय."

त्यांच्या पंच्याहत्तरीला मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे! सर्व्हिसिंगला नेतो म्हणून घड्याळ मागून घेतलं आणि मेन रोडच्या कारागिराला सांगितलं, खाच भरून अगदी नव्यासारखं करून द्या. आम्हा शौकिनांत जुन्या स्टीलला बफ मारून चकाकी आणणं म्हणजे पाप. चरे, खाचा, जे असेल ते तसंच ठेवायचं. माझ्या नऊपैकी एकालाही मी बफ लागू दिला नसता. कुण्या अनोळखी माणसांचे चरे जीवापाड जपत होतो, आणि बापाची खाच तेवढी मला डाग वाटली. मूर्ख माणूस!

घड्याळ लखलखीत होऊन आलं. औक्षण झालं, निफाडहून आलेले काका, आत्या समोर बसलेले, आणि मी मोठ्या ऐटीत ते अप्पांच्या मनगटावर चढवलं. अंगठा कडेवर गेला. एकदा फिरला, परत फिरला.

"हे माझं नाय."

"अप्पा, तुमचंच आहे. फक्त पॉलिश करून आणलंय."

"माझं कुठंय? बदललंस का रे?"

आत्या खाली मान घालून बसली. मी शपथा घेतल्या, दुसऱ्या दिवशी कारागिराला घरी आणून त्याच्या तोंडून वदवलं. काही उपयोग झाला नाही, घड्याळ त्यांनी काढून माझ्याकडे परत दिलं. बदल्याची भाषा इतकी वर्षं मीच करत आलो होतो ना! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

त्यानंतर अप्पा माझ्याशी कामापुरतं बोलायचे. अंगठा मोकळ्या मनगटावर फिरत राहायचा. मला ते बघवेना. शेवटी एका दुपारी वर्कशॉपमध्ये घड्याळ व्हाइसमध्ये धरलं आणि आठवून आठवून, त्याच जागी, कानशीनं खाच पाडली. संध्याकाळी ते अप्पांच्या हातात ठेवून म्हणालो, "सापडलं, अप्पा. कारागिराकडंच अदलाबदल झाली होती."

त्यांनी खाचेत नख फिरवलं. बराच वेळ.

"ही कानशीची हाय. ग्राइंडरची अशी बसत नाय. उभी हयात कानस चालवली मी, अन् मलाच शिकवतो?"

खरं सांगून झालं होतं, आता खोटंही संपलं.

"विकलं असलं तर तसं सांग," अप्पा हळूच म्हणाले. "मी रागावणार नाय. पण खोटं नको बोलू माझ्याशी."

त्यांचंच घड्याळ त्यांच्याच हातात होतं.

"हो अप्पा," मी म्हणालो. "विकलं."

त्यांनी ते खाली ठेवलं, चाचपडत माझं डोकं शोधलं आणि हात फिरवला. "बरं झालं," म्हणाले, "बोललास एकदाचा."