प्रमिलाताईंच्या मोटारीतला गारवा

झाशीच्या रेल्वे वसाहतीतल्या शाळेत मी गणित शिकवायला रुजू झाले, तेव्हा प्रमिलाताई सरवटे तिथे मुख्याध्यापिका होत्या. माझा जन्मही इथलाच, त्यामुळे मराठी अडखळत, निम्मी हिंदी. मी संकोचले तेव्हा ताई म्हणाल्या, "येते तशी बोल. बोलली नाहीस तर तेवढीही जाईल." आज हा लेख मराठीत लिहिते आहे, तो त्यांच्यामुळेच.

आपल्या वडिलांची फिकट निळी मोटार ताई आजही स्वतः चालवतात. तिचा एकही भाग त्यांनी कधी बदलू दिला नव्हता. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात तिला मान मिळे, तो यासाठीच. मे महिन्यातही डोक्याला ओला पंचा गुंडाळून इथल्या सीपरी बाजारातून जाताना त्यांना आपण सर्वांनी पाहिले आहे.

पुढे माझ्या आईला मज्जासंस्थेचा आजार जडला. ऊन लागले की पायांतले बळच जाई. उपचारासाठी ग्वाल्हेरला जावे लागे. भाड्याच्या एसी गाड्यांत तिचे ताठरलेले पाय आत घेताना ती कळवळे. ताईंच्या मोटारीचे दार रुंद, सीट उंच. तिच्यात आई सहज बसे, पण उन्हाळ्यात आत नुसती भट्टी.

मी काही मागितले नव्हते. ताईच मला सोबत घेऊन मोटारीने मेकॅनिक अशोकभैयांकडे गेल्या. एसीसाठी डॅशबोर्ड कापावा लागणार होता, रेडिएटरही मोठा बसवावा लागणार होता. भैया कचरले. "दीदी, फिर ये असली नहीं रहेगी. सोच लीजिए."

"सोच लिया, भैया. काटिए."

कापताना मात्र ताई बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले.

एसी बसल्यानंतरच्या पहिल्याच फेरीत आई ग्वाल्हेरपर्यंत गाढ झोपली आणि उतरल्यावर काठी टेकत स्वतः चालली. प्रदर्शनात त्या वर्षीपासून मोटार गेली नाही. मी हळहळले, तर ताई म्हणाल्या, "अगं, तिथे लोक गाडी बघतात. तुझी आई तिच्यात झोपते."

ताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. आई संध्याकाळी देवापुढे बसते, तेव्हा स्वतःच्या पायांआधी ताईंसाठी चांगली प्रकृती मागते. तिच्या त्या मागण्यात आज आपण सर्वांनी आपला आवाज मिळवावा: ताईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो.