चॅनलवाल्या ताईंची कबड्डी टीम

मी सर्वात जास्त ऋणी आहे तो चॅनलवाल्या ताईंचा. आमच्या घरात पहिली पदवी माझी. दवनीवाड्याहून आलेल्या माझ्यासारख्या बी.ए. पोराला त्यांनी चॅनलवर बातम्या वाचायला बसवलं. गोंदियात स्वतःचं केबल चॅनल काढणारी त्यांच्या समाजातली पहिली बाई त्याच. अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय उद्योजिकेबद्दल त्यांनी वाचलं होतं: आधी स्वतःचं टीव्ही चॅनल, मग खेळाच्या टीमची मालकी. ताईंनीही मुलींची कबड्डी टीम उभी केली.

टीम चालायची सत्कारांवर. व्यापारी वर्गणी द्यायचे आणि मध्यंतरात गर्दीसमोर शाल-श्रीफळ घ्यायचे. पण पोरींच्या आयांना मैदानावर यायला घरून मनाई. म्हणून ताईंनी सामने चॅनलवर लाइव्ह सुरू केले. समालोचनाला मी. सामना पाहून एका आईनं पोरीला विचारलं, पाय दुखून राहिले का. ते ऐकून ताई दिवसभर खुशीत होत्या.

पण मग बापांनी, शेजाऱ्यांनीही घरीच बसून पाहिलं. मैदान ओस पडलं. फुलचूरचा एक सिमेंटवाला शाल हातात धरून म्हणाला, "ताई, खाली मैदान में शाल ओढके क्या करूं? देखनेवाला कौन है, बकरी?"

आम्ही लाइव्ह बंद करा म्हणून विनवलं.

"मायले पोरगी खेळताना दिसली पायजे," ताई म्हणाल्या. "नाही तं टीम कायले काढली मी?"

वर्गणी आटली. टीम वाचवायला त्यांनी चॅनलच विकलं. नव्या मालकानं त्यावर हिंदी सिनेमे लावले. सामने दिसेनात, आणि गर्दीही परतली नाही. तोवर सगळे मोबाईलमध्ये शिरले होते. शेवटी टीम मोडली. ताई रायपूरला बहिणीकडे गेल्या. फोन उचलत नाहीत, म्हणून मी पत्र टाकलं:

"आदरणीय ताई,

मैदानावर आता लग्नाचे मंडप पडतात. पोरींपैकी कोणीच खेळत नाही. चढाईला जायची ती कापड दुकानात उभी असते. मला पाहून आत गेली. मी रिक्षातून भोंग्यावर जाहिराती बोलतो. लोक म्हणतात, लाइव्ह दाखवलं नसतं तर टीम राहिली असती. मी त्यांच्याशी भांडतो, पण ते खोटं आहे असं मला म्हणता येत नाही. तुम्हाला धीर द्यावा असं माझ्याकडे काही नाही. पत्राचं उत्तर नाही दिलं तरी चालेल. फोन तेवढा उचला."